कान आले

लायब्ररीच्या दारातच आजी हसली. लिओनोरच्या हातात परत करायची पुस्तकं होती, खांद्यावर पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी बाहेर डोकावत होती, आणि ती आपली नेहमीसारखी काउंटरकडे निघाली होती. तेवढ्यात डावीकडून आजी काहीतरी बोलली आणि हसली. आजीला जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली होती. लिओनोर होती तिथे थांबली. पुन्हा तोच शब्द, पुन्हा तेच हसू. मग तिला दिसलं. मुलांच्या पुस्तकांशेजारी या किनाऱ्याच्या मूळ रहिवाशांविषयी, चुमाश लोकांविषयी, एक नवा फळा मांडला होता. त्यावर फळ्यांच्या होडीचं चित्र, टोपल्यांचं चित्र, खाली बटणांची रांग, आणि अर्ध्या चड्डीतला एक प्रवासी, उन्हाने नाक सोललेला, एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. दाबलं की आजी बोलायची. 'ऐकलंस? किती गोड हसते म्हातारी,' तो बायकोला म्हणाला. गोड! त्याचा हात धरून बाजूला करावा आणि म्हणावं, बाबा रे, ती माझी आजी आहे, दाराची घंटी नाही. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. अय्या, म्हणजे तुम्ही खऱ्याखुऱ्या चुमाश? हा प्रश्न ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तिने पुस्तकं काउंटरवर ठेवली, नवीन काही न घेताच बाहेर आली आणि बस थांब्यावरच्या बाकावर बसून राहिली. एक बस आली आणि गेली तरी ती उठली नाही.

शब्द तिला नवीन नव्हता. तो आता गावात कुणालाच नवीन नव्हता. तिच्या मुलीने, मरिसाने, भाषेचा वर्ग सुरू केला तेव्हा जुन्या टेपांतून जे शब्द पहिल्यांदा उचलले त्यांतला हा एक. समुद्रावरचा पहिला उजेड, पहाट. वर्गातली पोरं तो गाण्यासारखा लांबवून म्हणत, शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात तो रंगवला होता, सणाच्या दिवशी सगळ्यांनी घालायच्या टीशर्टांवरही तोच. तो इथे लिहीत नाही, कारण लिहून काही कळायचं नाही. त्याच्या मधोमध घसा एक क्षण बंद करावा लागतो, उचकी येता येता राहावी तसा, आणि बंद घशाला अक्षर कुठलं आणणार? मरिसाच्या वर्गात त्या जागी डोक्यावर एक स्वल्पविराम काढतात आणि पुढे जातात. येत्या रविवारी हाच शब्द लिओनोरच्या नातीचं, मरिसाच्या तान्ह्या पोरीचं नाव होणार होता. कागदोपत्री पोर पलोमा. पण घरातलं, आपल्या लोकांतलं नाव, पहाट. समुद्रकाठी सगळे जमणार होते आणि घरातली वडीलधारी बाई म्हणून ते नाव पोरीच्या कानात सांगायचा मान लिओनोरचा होता. सगळं कसं छान जुळून आलं होतं. आणि आता हे हसू. मरिसाच्या टेपमध्ये हसू नव्हतं. इतक्या वर्षांत लिओनोरने तो शब्द शेकडो वेळा ऐकला असेल, पण त्याच्या शेपटीला आजीचं हसू आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ते हसू ती ओळखत होती, हीच तर पंचाईत होती. आजीची हसण्याची एक तऱ्हा होती ती पोरांसाठी, पोट हलवून. एक होती पाद्र्यासाठी, ओठ मिटून. आणि ही तिसरी, नाकातून निसटणारी, अर्धी गिळलेली, ही कुणाला तरी टोपी घातल्यावरची. लिंबाच्या बागेच्या कडेला तेव्हा त्यांचं घर होतं. आजीची भाषा उतरवून घ्यायला टेपवाला यायचा तो मोठं मशीन दोन्ही हातांनी पोटाशी धरून, घामाघूम होऊन. येताना कॉफीचा डबा आणायचा. त्याचं खरं नाव काय होतं ते घरात कुणी घेतलंच नाही, टेपवाला तो टेपवालाच. आजी त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून अशी बसायची की वाटावं, मूर्तिमंत साधुत्व. तो याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात विचारी, ती सांगे, तो लिहून घेई. आणि त्याची गाडी धुळीत दिसेनाशी झाली की हे हसू. मग मामालोक गुडघ्यावर थापा मारत. लिओनोर तेव्हा पाच वर्षांची. सगळे का हसतात ते तिला कळत नसे, आणि ती जवळ गेली की हसणं थांबत असे. म्हणजे? म्हणजे पहाट नव्हेच की काय? आजीने त्या भल्या माणसाला काय सांगून ठेवलं असेल, आणि आपण ते भिंतीवर रंगवून बसलोय? काही अचकटविचकट असलं तर? आजीचा काही नेम नव्हता. रविवारी सगळ्या भावकीसमोर तिने पोरीच्या कानात वाकून, मोठ्या मायेने, काय म्हणायचं होतं?

बसमध्ये खिडकी उघडी होती आणि वाऱ्याबरोबर डांबराचा वास येत होता. समुद्राच्या तळातून ते झिरपतं, त्याला कोण काय करणार. लिओनोरने रुमाल नाकाला लावला. तिच्या मागच्या बाकावरच्या दोघी बोलता बोलता थांबल्या. ती चढली तेव्हाच थांबल्या होत्या का? हा तिचा जन्माचा रोग. खोलीत शिरलं की आधी बोलणं थांबलं का ते बघायचं. दवाखान्याच्या धुलाईखान्यात तीस वर्षं काढली तिने, तिथेही. चादरींच्या ढिगाआडून दोघी कुजबुजताना दिसल्या की तिला वाटे, माझ्याबद्दलच. नवरा हयात असताना म्हणायचा, बाई, तुझ्याबद्दल बोलण्यासारखं आहे तरी काय? तो बिचारा चेष्टेत म्हणायचा, पण तिला तेही लागायचं. स्वतःच्या घरातसुद्धा ती दारात क्षणभर उभी राहते, मग आत जाते. पायांना सवयच झाली आहे.

मरिसाच्या दारातही ती तशीच उभी राहिली. आत मरिसा फोनवर कुणाला तरी रविवारच्या मांसाचं सांगत होती, खांद्यावर पोर झोपलेली. आईला बघून तिने फोन ठेवला. लगेच ठेवला.

'कुणाशी बोलत होतीस?'

'खाटकाशी. का गं?'

'काही नाही. मरिसा, ते हसू तू कापलंस का?'

'कसलं हसू?'

'आजीचं. लायब्ररीत आहे. तुझ्या वर्गात नाही.'

'अगं आई, साफ केलंय मी ते,' मरिसा पोरीच्या पाठीवर थोपटत म्हणाली. 'मूळ टेपमध्ये नुसती खरखर. कोंबड्या काय ओरडताहेत, दार काय वाजतंय. पोरांना शब्द धड ऐकू यायला नको? लायब्ररीवाल्यांना हसू आवडलं, ते म्हणाले जिवंत वाटतं. म्हटलं ठेवा.'

उत्तर चोख होतं. जरा जास्तच चोख होतं, लिओनोरला वाटलं. हिला माहीत असेल. ही इतकी शिकलेली, टेपा ऐकता ऐकता हिच्या कानांना घट्टे पडलेत, हिला हसण्यातला खवटपणा कळला नसेल? कळला असेल आणि कात्रीने उडवून दिला असेल. का? तर भिंत रंगवून झाली होती म्हणून.

'पहाट हाच अर्थ ना गं त्याचा? नक्की?'

मरिसाचा थोपटणारा हात थांबला. 'टेपवाल्याने विचारलंय, समुद्रावर पहिला उजेड येतो त्याला काय म्हणता. त्यावर ती हे म्हणते. आता याहून नक्की काय असतं?'

'टेपवाल्याला काय कळत होतं?'

'आणि तुला काय कळतं, आई?'

ती हे ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, पोर झोपलेली होती म्हणून. मग आणखी हळू म्हणाली, 'विसाव्या वर्षापर्यंत मी मेक्सिकन होते. तू सांगितलंस म्हणून. टेपवाला नसता ना, तर आज माझ्याकडे सांगायला एक शब्द नसता.' लिओनोरने कोथिंबीर काढून ओट्यावर ठेवली. तिच्या आईने तिला तेच सांगितलं होतं, कुणी विचारलं तर मेक्सिकन म्हण, आणि तिने ते पुढे सांगितलं, खोलीतून खोलीत खुर्ची सरकवावी इतक्या सहज. खरंच, तिला काय कळत होतं? दहा-बारा शब्द, तेही मुलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून शिकलेले. कदाचित हा नुसता मत्सरच असेल. आजी आपली होती, मांडीवर आपण बसलो होतो, आणि आता ती बटण दाबलं की कुणाशीही बोलते. असेलही. पण ते हसू काही खोटं नव्हतं.

आता विचारायचं तर एकच माणूस उरला होता, चेंतोमामा. आजीचं शेंडेफळ. वय पंच्याऐंशीच्या पुढे, जवळच्या कार्पिंतेरिया गावात चाकांवरच्या छोट्या घरात एकटाच राहायचा. दुसऱ्या दिवशी लिओनोर गेली तेव्हा तो पायरीवर बसून चिंधीला खायचं तेल लावून तळपायाचं डांबर घासत होता. तिथल्या किनाऱ्यावर चाललं की डांबर चिकटणारच. पण मामा रोज अनवाणी चालणार, रोज तेल घासणार आणि रोज समुद्राला शिव्या देणार.

'ये ये, लिओ. कोण मेलं?'

'कुणी नाही मेलं. तुला बघायला आले.'

'मला बघायला कुणी येत नाही. काम सांग.'

ती बाजूच्या खुर्चीत बसली. हा माणूस तिला कधी उमगला नव्हता. भाषेविषयी विचारलं की तो हात झटकायचा. मला कुठे येते, मी धाकटा, माझ्यापर्यंत आलीच नाही. मरिसा त्याच्याकडे तीनदा आली होती, मशीन घेऊन. तीनदा तिला कॉफी पाजून परत पाठवलं. आणि तरीही आजीच्या मातीच्या दिवशी, लिओनोरला पक्कं आठवत होतं, कबरीच्या कडेला त्याचे ओठ हलत होते आणि ते हलणं स्पॅनिशचं नव्हतं.

'मामा, आजी टेपवाल्याला गंडवायची ना रे?'

'गंडवायची? अगं, नागवायची!' मामा खुलला. 'एकदा त्याने डोंगर दाखवला, म्हणाला, याचं नाव काय? तर आईने काय सांगावं? ढुंगण! आणि तो शहाणा दिवसभर अंगणात उभा राहून डोंगराला हात करून म्हणतोय, ढुंगण, ढुंगण. बरोबर म्हणतोय का मी? आणि आई म्हणते, जरा घशातून काढ बाबा.'

त्याला हसू आवरेना. लिओनोरला मात्र हसू आलं नाही. म्हणजे खरंच होतं. तिला रविवारचा किनारा दिसला, धुपाचा धूर, रांगेत उभी भावकी, आणि त्यात ती पलीकडच्या आळीची, स्वतःला अस्सल चुमाश समजणारी मंडळी, जी आधीच म्हणत होती की ही मरिसाची माणसं म्हणजे पुस्तकातून उगवलेले चुमाश. 'म्हणजे तुला भाषा येत होती,' ती म्हणाली.

'छे. ढुंगण तेवढं येतं. तेवढ्यावर आयुष्य निघालं.' तो पुन्हा तळव्याकडे वळला. 'तो टेपवाला माणूस वाईट नव्हता हं. एकदा आमचा कुत्रा त्याच्या गाडीखाली झोपला होता, तर तो काय करतो, मशीन खाली ठेवतो आणि...'

लिओनोरने तो शब्द उच्चारला. मरिसाची पोरं म्हणतात तसा लांबवून नाही. लायब्ररीत आजीने म्हटला होता तसा, तोडून, तोंडाच्या कोपऱ्यातून.

मामा वाक्याच्या मध्येच थांबला. चिंधी तळव्यावर तशीच राहिली. त्याने तोंड मिटलं आणि तिच्या खांद्यावरून मागे, फाटकाकडे पाहिलं.

'कोण आलं?' तो स्पॅनिशमध्ये म्हणाला.

कुणीच आलं नव्हतं. फाटक बंद होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लिओनोर वळून बघत राहिली, मग मामाकडे बघत राहिली, आणि मामाचे कान हळूहळू लाल होत गेले. चोरी पकडली गेल्यासारखा तो चिंधीची घडी घालू लागला, तेलकट चिंधीची, कोपऱ्याला कोपरा लावून.

'काय आहे तो शब्द, मामा?'

'काही नाही.'

'काही नाही कसं? तू गप्प झालास.'

'सवय,' तो म्हणाला. त्याने घडी उलगडून पुन्हा घातली. मग: 'तुम्ही पोरं आलात की आई म्हणायची. कान आले. म्हणजे अगदी तसंच नाही, पण तसंच. कान आलेत, आता गप्प बसा. मग आम्ही स्पॅनिश बोलायला लागायचो.'

'का पण?'

'का म्हणजे? तिला शाळेत साबण चावायला लावला होता, या भाषेसाठी. तिच्या मोठ्या भावाला पट्ट्याने सोललं. ती म्हणायची, पोरांच्या तोंडात हे सापडता कामा नये. जे कानात जाणार नाही ते तोंडात कुठून येईल?' मग तो एकदम चिडला. 'आणि हे तू कुठून उकरून काढलंस गं? साठ वर्षांनी? जा, कॉफी टाक. काळी.'

तिने कॉफी टाकली. पाणी उकळेपर्यंत ती त्या इवल्याशा ओट्यापाशी उभी होती आणि स्वयंपाकघरं तिच्या डोळ्यांसमोरून जात होती. जाळीचं दार ढकलून ती आत येते. आजी, आई, दोन मामा टेबलाभोवती. बोलणं चाललेलं असतं, दगडावरून पाणी उतरावं तसं सलग. कुणीतरी तोंडाच्या कोपऱ्यातून काही पुटपुटतं. आणि सगळे तिच्याकडे बघतात. मग आई म्हणते, हात धुतलेस का. तिला वाटायचं, मी काहीतरी केलं. मी येण्याआधी हे लोक माझंच काही बोलत होते, काहीतरी वाईट. धुलाईखाना, बस, लायब्ररी, मुलीचं दार, सगळीकडे ती हेच घेऊन फिरली. आणि ज्या शब्दाने तिच्या तोंडावर दार लावलं जात होतं, तो आता ती नातीला बांधणार होती. अचकटविचकट असता तर परवडलं असतं, तिला वाटलं. त्याला निदान हसता आलं असतं.

संध्याकाळी ती मरिसाकडे गेली आणि म्हणाली, 'मला पूर्ण टेप लावून दे. साफ न केलेली.' मरिसाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि का ते विचारलं नाही. दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. आधी नुसती कोंबड्यांची कलकल. मग टेपवाल्याचा नाकातला आवाज: सकाळी समुद्रावर पहिला उजेड येतो, त्याला काय म्हणता? आणि आजी बोलू लागली. शब्द नाही, वाक्य; लांबच लांब, वळणं घेत जाणारं. पहाटेबद्दलच बोलत असेल, किंवा पहाटेला उठून केलेल्या कशाबद्दल, कुणास ठाऊक. मरिसा म्हणाली, 'या भागाचं मला काही लागत नाही, फार भरभर बोलते.' वाक्य अजून संपलं नव्हतं. तेवढ्यात स्प्रिंगच्या दाराची कर्कर ऐकू आली. वाक्य तुटलं. आजीने तो शब्द म्हटला. क्षणभर शांतता, आणि त्या शांततेत अगदी स्पष्ट, कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज. टेपवाला तोच शब्द पहाट म्हणून लिहून घेत होता. मग ते हसू. आणि हसण्याच्या मागून, लांबून, एक बारीक आवाज स्पॅनिशमध्ये म्हणाला: आजी, पाणी.

'हे कापलं मी,' मरिसा म्हणाली. 'कुणाचं पोर आहे कोण जाणे.'

'मी आहे ती,' लिओनोर म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. मरिसा ऐकताना टेबलावरचा एक कण बोटाने सरकवत राहिली. ऐकून झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: 'आणि हे तुला मामाने सांगितलं? ज्याला भाषा येत नाही त्या मामाने?' दुसरा प्रश्न: 'तुला हे आत्ताच कसं आठवलं, आई?' लिओनोरला राग आला नाही. मुलगी तिचीच होती. संशय दुसऱ्या कुणाकडून घेतला असता? तिने नुसती टेप मागे नेली आणि दाराची कर्कर पुन्हा लावली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मरिसाने डोकं टेबलावर टेकलं.

'भिंतीवर रंगवलंय गं आई ते,' ती तशीच म्हणाली. 'पोरं रोज सकाळी म्हणतात. कान आले, गप्प बसा. शाळेत! आणि ती पलीकडची माणसं... त्यांच्या हातात आयतं कोलीत.' मग ती रडली, आणि आतल्या खोलीत पोर उठून रडू लागली, आणि लिओनोर कुणाकडे आधी जावं ते न कळून मध्येच उभी राहिली. शेवटी मरिसाच डोळे पुसून उठली. 'कानात तू सांगणार आहेस ना? मग तुला काय सांगायचं ते सांग,' ती म्हणाली. 'मला आता कशाचीच खात्री नाही.'

रविवारपर्यंत लिओनोरच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. नावाची नव्हे, त्या तुटलेल्या वाक्याची. पाणी मागायला ती आत आली नसती तर आजी पुढे काय बोलणार होती? एक पेला पाणी. तेवढ्यासाठी ते वाक्य गेलं. भांडी घासताना, बसमध्ये, तिला वाटायचं, मी दाराबाहेरच थांबायला हवं होतं.

रविवारी सकाळी धुकं इतकं होतं की समोरची बेटं दिसत नव्हती. भरती चढत होती. शिंपल्यात पांढऱ्या सेजचा सुगंधी पाला जळत होता, त्याचा धूर जमिनीलगत रांगत होता, आणि चाळीसएक माणसं निळे टीशर्ट घालून उभी होती. प्रत्येकाच्या छातीवर लिहिलं होतं, कान आले. ते फक्त दोघींना ठाऊक होतं. नाही, तिघांना. मामा घडीची खुर्ची हट्टाने पार पाण्याजवळ लावून बसला होता आणि शेजारच्या पोराला कुत्र्याची गोष्ट सांगत होता. पलीकडच्या आळीचे दोघे हातांची घडी घालून मागे उभे होते. आता ही रीत किती जुनी ते कुणालाच सांगता आलं नसतं. मरिसाने इकडून तिकडून जुळवली होती, आणि जुळवता जुळवता तीच रीत झाली होती. मरिसाने पोर आईच्या हातात दिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. लिओनोर चार पावलं पाण्याकडे गेली, मामाच्या खुर्चीपाशी, आणि पोरीकडे पाहिलं. पोर टक्क जागी होती. दुसरं एखादं नाव सांगावं. समुद्र म्हणावं, फूल म्हणावं, तेवढे शब्द तिला येत होते. पण त्या इवल्या कानाकडे बघताना तिला राग आला, आजीवर, साबणावर, पट्ट्यावर, मामाच्या लाल कानांवर, आणि त्या रागात तिने वाकून तोच शब्द म्हटला. तोडून, तोंडाच्या कोपऱ्यातून.

मामा कुत्र्याच्या गोष्टीत मध्येच गप्प झाला आणि त्याने मान वळवून मागे पाहिलं.

'मागे काय बघतोस?' लिओनोर म्हणाली. ती इतक्या मोठ्याने म्हणाली की सगळे दचकले. 'इकडे बघ, मामा. कान आलेत. हे बघ, माझ्या हातात आहेत. आता बोल.'

'काय बोलू?'

'ते तूच ठरव.'

'मला येत नाही गं.'

'तुला येतं. ढुंगण म्हण हवं तर, पण बोल. ही आली म्हणून या घरात आता कुणी गप्प बसायचं नाही.'

पोरंटोरं खिदळली, कुणीतरी त्यांना दटावलं. मामाने तोंड उघडलं आणि मिटलं. तो मरिसाकडे बघेना, कुणाकडेच बघेना. खाली वाळूकडे, लिओनोरच्या पायांकडे बघत राहिला. एक लाट फुटली आणि तिचं पाणी फेसाळत वर येऊ लागलं, आणि मामा, नजर तिच्या पायांवरच, चटकन काहीतरी बोलला. पाच-सहा शब्द असतील. चिडून, सलग, मध्ये दोनदा घसा बंद करून.

लिओनोरने पाय मागे घेतला.

पाणी आलं, तिच्या पावलाच्या ठशात भरलं आणि परत गेलं. सगळे एकदम बोलू लागले, काय म्हणाला, काय म्हणाला? मरिसाचे ओठ हलत होते. इतकं शिकूनही तिच्या हाती त्यातला एखाद-दुसराच शब्द लागला असावा. मग तिचं लक्ष आईच्या पायाकडे गेलं आणि तिचे ओठ थांबले.

'आई,' ती म्हणाली. 'तुला कळलं?'

लिओनोर खाली बघत होती. तिला काहीच कळलं नव्हतं. त्यातला एक शब्द सांग म्हटलं असतं तर सांगता आला नसता. पण कुणीतरी कधीतरी याच किनाऱ्यावर, दार नसलेल्या जागी, तिला हे म्हटलं होतं, आणि एकदा नव्हे.

'कळायला काय झालं?' मामा बाहीने नाक पुसत कुरकुरला. 'पाणी थंड आहे, पाय भिजवू नकोस. आई रोज ओरडायची हिला इथे. कार्टी कधी ऐकायची नाही.'

लिओनोरने पोरीला छातीशी धरलं आणि आपल्या पायांकडे पाहिलं. चपला कोरड्या होत्या.